स्पीच पॅथॉलॉजीची मास्टर्स, इग्लूचं चित्र आणि बैलाचं जू

गेले काही दिवस ज्युनियर मुलामुलींचे सारखे मेसेज येतायत, ताई एमएस्सीला ऑडिओलॉजी (कान, ऐकणं) घेऊ की स्पीच (बोलणं, भाषा) घेऊ, स्कोप कशात आहे, कॉलेज कुठलं बघू. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते म्हटलं. मी मुंबईत एमएस्सी स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव बार्शी, आणि या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त जाणवलेली गोष्ट स्कोप आणि पगाराच्या पलीकडची आहे, ती म्हणजे आपल्या मराठी पेशंटला तपासायला आपल्याकडे मराठीतली हत्यारं फार कमी आहेत आणि ती आपणच केली नाहीत तर दुसरं कुणी येऊन करून देणार नाहीये. त्याच्यावर सविस्तर येतेच.

आधी ज्यांना हा कोर्सच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच दोन्हीची पदवी, चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मग दोन वर्षांची मास्टर्स, काही ठिकाणी ऑडिओलॉजी आणि स्पीच वेगळं, काही ठिकाणी दोन्ही एकत्र म्हणजे एमएएसएलपी. प्रॅक्टिस करायची तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतंच, 1992 च्या कायद्याने, त्यामुळे कुणी तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून स्पीच थेरपिस्ट व्हा असं सांगत असेल तर त्याच्या नादाला लागू नका. संस्थांचं म्हणाल तर मैसूरचं अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान 1965 पासूनचं, त्याला आम्ही सगळे नुसतं आयिश म्हणतो, बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूट 1983 पासून, नायर हॉस्पिटलचं डिपार्टमेंट जुनं आणि नावाजलेलं, पुण्यात भारती विद्यापीठ. बाहेर चेन्नई, मणिपाल, चंदीगढ असे पर्याय आहेतच.

ऑडिओलॉजी की स्पीच, तर ऑडिओलॉजीत मशीन आहे, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख आहे, बेरा नावाची ऐकण्याच्या नसेची तपासणी आहे, हिअरिंग एडच्या कंपन्यांच्या नोकऱ्या लवकर मिळतात, आणि ते काम कमी महत्त्वाचं अजिबात नाहीये, मूल बोलत नाही म्हणून आमच्याकडे आलं की पहिलं काम कान तपासायचं हेच असतं. पण स्पीचमध्ये पेशंटसमोर तासंतास बसावं लागतं, तोच पेशंट, तेच शब्द, महिनोन्महिने. ज्याला माणसांत बसायला आवडतं त्यानेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मी इंटर्नशिपला न्यूरोच्या वॉर्डात होते आणि पॅरालिसिस होऊन वाचा गेलेले पेशंट बघितले तेव्हाच माझं ठरलं.

स्पीच म्हटलं की लोकांना बोबडं बोलणारी लहान मुलंच आठवतात. तीही येतात, भरपूर येतात. सोबत आजी असते, ती सांगते याचा बापपण उशिराच बोलला होता, वेखंड उगाळून मधातून चाटवलं, कुणीतरी सांगितलं म्हणून जिभेखालचा पडदा कापून आणला, तरी बोलत नाही. जिभेखालच्या पडद्यामुळे एखादा उच्चार अडू शकतो पण अडीच वर्षांचं पोर आई पाणी काहीच म्हणत नसेल तर त्याचं कारण जिभेत नसतं, हे समजावण्यात माझा ओपीडीतला अर्धा वेळ जातो आणि मी तो आनंदाने देते, कारण वर्षभर वाट बघून आलेलं मूल आणि वेळेत आलेलं मूल यात फरक पडतो, विशेषतः ऐकूच येत नसेल तर.

पण मास्टर्सला गेल्यावर कामाचा मोठा भाग गिळण्याचा असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हो, गिळणं. बोलायला आणि गिळायला बरेचसे तेच स्नायू लागतात, तेच ओठ, तीच जीभ, तोच घसा, त्यामुळे पॅरालिसिसच्या पेशंटला तोंडाने खायला द्यायचं की नाकातली नळी ठेवायची याचा निर्णय घेताना डॉक्टर आम्हाला बोलावतात. पेशंटला ताठ बसवायचं, चमच्याने थोडंसं पाणी द्यायचं, गळ्यावर हलकेच चार बोटं ठेवायची, गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं का, किती उशिरा उचललं जातं ते बोटांना कळतं. मग लगेच आ म्हणायला लावायचं. आवाज ओला आला, म्हणजे घशात पाणी साचून गुळगुळ केल्यासारखा, तर पाणी जिथं जायला नको तिथं स्वरयंत्राच्या तोंडाशी थांबलेलं असू शकतं. ठसका लागला तर सगळ्यांना कळतं, पण कितीतरी पेशंटना ठसका लागतच नाही, पाणी गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि ताप येऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ते नक्की बघायचं तर नाकातून बारीक कॅमेरा घालून करायची फीस नावाची तपासणी, नाहीतर बेरियम मिसळलेलं अन्न देऊन चालत्या एक्सरेखाली बघायचं. घरच्यांना वाटतं घोटभर चहाने काय होतंय, शिवाय आजोबांचा जीव चहात अडकलेला, पण पातळ पदार्थ सगळ्यात वेगाने घशात जातो आणि कमजोर घशाला तो सांभाळता येत नाही, म्हणून कित्येक पेशंटसाठी चहाच सगळ्यात धोक्याचा असतो. कॉटखाली लपवलेला थर्मास मी स्वतः बघितलाय. रागवून उपयोग नसतो, नातवाला बाजूला घेऊन हे सगळं चित्र काढून दाखवावं लागतं.

कुठला पदार्थ किती घट्ट हे ठरवायला आता जगभर एकच पट्टी आहे, इड्सी म्हणतात तिला, 0 ते 7 पातळ्या. पातळ पदार्थांची टेस्ट अगदी साधी आहे, दहा एमएलची सिरिंज, सुई काढायची, खाली बोट लावून भरायची, बोट सोडायचं आणि दहा सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. 1 ते 4 एमएल उरलं तर पातळी एक, 4 ते 8 उरलं तर दोन, 8 च्या वर तर तीन, आणि थेंबही न गळता सगळं तसंच राहिलं तर चार. सिरिंजसुद्धा कुठलीही चालत नाही, 0 ते 10 च्या खुणांमधलं अंतर 61.5 मिलिमीटर असलं पाहिजे. हे शिकवतात तेव्हा उदाहरणं सगळी बाहेरची, मिल्कशेक, पुडिंग, प्युरी वगैरे. आणि आमच्या वॉर्डात सूनबाई डब्यात काय आणते तर वरणाचं पाणी, ज्वारीची पेज, मऊ भात, ताक. म्हणून आम्ही काही जणींनी मॅडमना विचारून तेच सिरिंजमध्ये भरायला सुरुवात केली. ताक सरळ वाहून जातं, पाण्यासारखंच. वरण गरम असताना वेगळं आणि गार झाल्यावर वेगळं, सकाळी डबा भरताना पातळ असलेलं वरण दुपारी वॉर्डात पोचेपर्यंत दोन पातळ्या वर गेलेलं असतं. पेज तर कोण करतंय त्याच्यावर. कोकणातली तांदळाची पेज आणि आमच्याकडची ज्वारीची यांचं सिरिंजमधलं वागणं एकदम वेगळं. एका मावशींना मी डब्यासोबत सिरिंजच दिली, त्या घरी मोजून आणायला लागल्या आणि तीनचार दिवसांत त्यांचा हात असा बसला की मोजायची गरज उरली नाही. (कृपया हे वाचून घरी स्वतःच पेशंटवर प्रयोग करू नका, आधी तपासून घ्या, कारण घट्ट पदार्थ प्रत्येकाला सोयीचा असतोच असं नाही.)

आता मूळ मुद्दा, ॲफेसिया. मेंदूच्या डाव्या बाजूला मार लागला की भाषाच बिघडते. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये असा पेशंट नोंदवला, त्याला टॅन एवढंच बोलता यायचं, आणि 1874 मध्ये वेर्निकेने दुसरा प्रकार सांगितला, ज्यात माणूस भरभर बोलतो पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं बोलणं त्याला समजत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या पेशंटला घरचे वेड लागलं म्हणून भलतीकडेच नेतात, देवऋषी करतात, आणि आमच्यापर्यंत यायला सहा महिने जातात. माणूस आतून शाबूत असतो, त्याला अनेकदा जाणवत असतं की आपल्याला कुणी समजून घेत नाहीये. या पेशंटांबद्दल मला फार वाटतं, खरंच.

याची तपासणी कशी करतात, तर बोलायला लावायचं, सूचना पाळायला लावायच्या, वाक्य म्हणायला लावायचं, चित्रं दाखवून नावं विचारायची. चित्रांसाठी बॉस्टन नेमिंग टेस्ट म्हणून एक जगप्रसिद्ध टेस्ट आहे, साठ चित्रं, सोप्याकडून अवघडाकडे. सुरुवातीला पलंग, झाड, पेन्सिल. पुढे प्रेट्झेल नावाचा पिळाचा पाव आहे, बीव्हर नावाचा नदीकाठचा प्राणी आहे, ओकच्या झाडाचं फळ आहे, इग्लू म्हणजे बर्फाचं घर आहे, ॲस्परॅगसची भाजी आहे. सोलापूरच्या शेतकऱ्याने बीव्हर कुठे बघायचा? तो उंदीर म्हणतो, घूस म्हणतो, आणि ते उत्तर चूक म्हणून धरायचं? आता शेवटच्या, म्हणजे सगळ्यात अवघड समजल्या गेलेल्या चित्रांमध्ये काय आहे बघा. दाराची कडी आहे, चिमटा आहे, बैलाच्या मानेवरचं जू आहे! अमेरिकन माणसाच्या बोलण्यात जू येतच नाही म्हणून ते छप्पन्नाव्या नंबरला गेलंय, आणि आमच्या एखाद्या पेशंट काकांना विचारलं तर वाचा अर्धी गेलेली असतानासुद्धा ते पटकन जू म्हणतील, वर हाताने बैल कसे जुंपायचे ते दाखवतील. पण ओळीने काही चित्रं चुकली की टेस्ट थांबवायची असा नियम आहे, त्यामुळे बीव्हर आणि इग्लूत अडकलेला माणूस जू पर्यंत पोचतच नाही. कागदावर स्कोअर पडतो अतिशय वाईट, आणि त्या स्कोअरवरून थेरपी ठरते.

वाक्यांचंही तसंच. इंग्रजीत ब्रोकाच्या पेशंटचं बोलणं तुटक होतं, वाक्य जोडणारे छोटे छोटे शब्द गळतात, हे पुस्तकात वाचायचं. मराठीत भाषेचा सगळा भार शेवटच्या अक्षरांवर, घरात, घराला, घराने, आणि क्रियापदात गेला गेली गेलं. पेशंट म्हणतो, शेत... बैल... पाणी नाही... मुलगी गेला. कुठला प्रत्यय गळला, कुठला चुकीचा लागला, लिंग चुकलं की वचन, हे सगळं बघायला आम्हाला आमच्याच भाषेचं व्याकरण पक्कं लागतं, आणि शाळेनंतर ते आम्ही कुणी उघडलेलं नसतं. मी परत दहावीचं व्याकरण काढून बसले होते पहिल्या सेमिस्टरला. त्यात मुंबईचा पेशंट म्हणजे घरी मराठी, कामावर हिंदी, नातवाशी इंग्रजी, तर थेरपी कुठल्या भाषेत घ्यायची याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, घरच्यांसोबत अर्धा तास बसून दिवसभरात हे कुणाशी कशात बोलायचे ते लिहून काढावं लागतं.

आणि उच्चारांचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. अमरावतीकडून आलेला पाच वर्षांचा मुलगा डोळ्याला डोया म्हणाला, तर तो बोबडा नाही, त्याच्या घरी सगळे डोयाच म्हणतात, वऱ्हाडीत ळ चा य होतोच. आमच्याकडे खेड्यात पाण्याला पानी म्हणतात, त्यात ण येत नाही असा दोष काढायचा नसतो. पण तोच मुलगा का ला ता म्हणत असेल, काकाला ताता, तर मात्र ते वयाच्या मानाने मागे आहे, त्याच्यावर काम करायचं. हा फरक ओळखायला थेरपिस्टला बोली माहीत पाहिजे. एका पोस्टिंगला एका मुलाच्या रिपोर्टवर ळ आणि ण दोन्ही चुकीचे म्हणून लिहिलेलं बघितलं होतं, आई बिचारी त्याला रोज तासभर ळ घोकून घेत होती आणि पोरगं बोलायचंच बंद झालं होतं. आम्ही तिचंच बोलणं रेकॉर्ड करून तिला ऐकवलं, तिच्याही बोलण्यात ळ नव्हता. त्या दिवसापासून घोकंपट्टी बंद, मूल महिन्याभरात परत बोलायला लागलं.

म्हणून डिझर्टेशनला, म्हणजे मास्टर्सच्या प्रबंधाला, मी मराठी चित्रांचा संच घेतला, पन्नाशीच्या पुढच्या, कमी शिकलेल्या, गावाकडच्या माणसांसाठी. ऐकायला सोपं वाटतं, चित्रं काढा आणि नावं विचारा. आधी एथिक्स कमिटी, मग मराठीत संमतीपत्र, ते असं लिहायचं की वाचून दाखवलं तर आजीला कळलं पाहिजे. मग धडधाकट माणसांना चित्रं दाखवायची आणि बहुतेक सगळे एकच नाव घेतात का ते बघायचं, याला नेम ॲग्रीमेंट म्हणतात. 1980 मध्ये स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट या दोघींनी 260 चित्रांवर हे काम केलं होतं, आजही सगळे तिथूनच सुरुवात करतात. मी माठाचं चित्र घेतलं, मला वाटलं याच्यासारखं सोपं काही नाही. बार्शीत माठ आला, डेरा आला, रांजण आला, घागर आली, एका आजींनी मडकं म्हटलं आणि शेजारच्या आजी त्यांच्यावर चिडल्या की मडकं काय गं, मडकं वेगळं, ते पुढं धरतात. सगळ्यांचं बरोबर! पण टेस्टमध्ये असं चित्र ठेवलं तर पेशंट रांजण म्हणाला की त्याला बरोबर द्यायचं की चूक हा घोळ होतो, म्हणून माठ बाद. जातं राहिलं, नांगर राहिला, चाळण राहिली. खलबत्ता आणि पाटा वरवंटा दोन्ही राहिले, पण पन्नाशीच्या आतल्या बायकांना त्यात गोंधळ होतो, मिक्सर आल्यापासून. मोरीचं चित्र बाद, काहींनी न्हाणी म्हटलं, काहींनी बाथरूम. ट्रॅक्टर आणि मोबाईल मात्र एकजात सगळ्यांना येतं, लातूरपासून सांगलीपर्यंत.

या कामासाठी मी लायब्ररीत जुनी डिझर्टेशन्स बघितली तेव्हा वाईट वाटलं. आधीच्या बॅचेसनी मराठीत काम केलंय, चांगलं केलंय, पण ते बाइंड केलेल्या कॉपीत कपाटात आहे आणि ओपीडीत आम्ही अजून आपापल्या मनाने भाषांतर करून इंग्रजी टेस्ट वापरतोय, प्रत्येकीचं भाषांतर वेगळं. आयिशला कन्नडमध्ये केवढं काम झालंय, ॲफेसियाची वेस्टर्न ॲफेसिया बॅटरी नावाची मोठी टेस्ट कन्नडमध्ये आहे, हिंदीत आहे. मराठी बोलणारी माणसं एवढी, कॉलेजं आपल्याकडे आहेत, विद्यार्थी आहेत, मग अडतंय कुठे? माझ्या मते एवढंच अडतंय की डिझर्टेशन सबमिट झालं की विषय संपतो, पुढची बॅच परत शून्यापासून सुरू करते.

तर मेसेज करणाऱ्यांनो, कॉलेज निवडताना फी आणि होस्टेलसोबत हेही विचारा. त्याच कॅम्पसमध्ये न्यूरोलॉजी आणि ईएनटी आहे का, गिळण्याचे पेशंट तुम्हाला स्वतःला बघायला मिळतात की नुसतं मागे उभं राहायचं, फीस होते का, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलेले पेशंट येतात का. तंबाखूमुळे आपल्याकडे ते कमी नाहीत, आणि गळ्याच्या भोकावर अंगठा दाबून छोट्या व्हॉल्वमधून हवा वळवून माणूस परत बोलायला लागतो ते बघणं, शिकवणं, हे प्रत्येकाने एकदा तरी करायला हवं. पेशंट कुठली भाषा बोलतात ते विचारा. मैसूर, चेन्नईला शिक्षण उत्तमच आहे, पण तिथे पेशंटची भाषा शिकण्यात पहिलं सेमिस्टर जातं, ही तयारी ठेवून जा. आणि पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीला पगार थोडाच असतो, तालुक्याच्या गावात जागाच निघत नाहीत, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

स्पीच घ्यायचं नक्की असेल तर डिझर्टेशनचा विषय पहिल्याच सेमिस्टरला डोक्यात ठेवा आणि मराठीत ठेवा. क्रियापदांच्या चित्रांचं काम कुणीच हातात घेतलेलं मला दिसलं नाही, पेरणं, पाखडणं, सारवणं, दळणं. माझा नामांचा संच सबमिशननंतर मोकळा होईल, चित्रं, कुठल्या चित्राला कुणी काय म्हटलं त्याचे तक्ते, माणसांची नावं काढून, सगळं. गाइडशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही. ज्याला क्रियापदांवर काम करायचंय त्याने मला सांगा, मी सगळा फोल्डर देते, बाद झालेल्या माठासकट.